माझ्या गोळ्यांत खोट नाही

९ एप्रिल

गोळ्यांची वही वेगळी आहे. तिच्यात शिसं किती, कथील किती, काडतुसात दारू किती भरली आणि गोळी कुठे लागली एवढंच जातं. त्या वहीत मी कधी कुणाची निंदा केलेली नाही, त्यामुळे ही दुसरी वही काढावी लागली.

आज नेमबाजी क्लबची बैठक झाली. रूडी पासेकने ठराव मांडला की ऑगस्टच्या रिव्हॉल्वर सामन्यात फक्त घरी ओतलेल्या गोळ्या चालतील हा नियम काढून टाकावा आणि दुकानातल्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांनाही परवानगी द्यावी. म्हणे टायरवाले आता चाकांचा तोल साधायला शिशाची वजनं वापरत नाहीत, जस्ताची वापरतात. म्हणे नव्या सभासदांना भट्टी लावायची हौस नाही. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर, गेल्या वर्षी ऑरिनच्यासुद्धा गोळ्या कागदभर फाकल्या. ऑरिनच्या फाकायला लागल्या तर आपल्यासारख्यांनी काय करायचं?"

लोक हसले. मी उठलो आणि म्हणालो, "रूडी, तुझ्या गोळ्या गेली वीस वर्षं फाकतायत, तेव्हा नाही ठराव आणलास."

ठरावावर मत सामन्याच्या दिवशी, जेवणानंतर घ्यायचं ठरलं. म्हणजे माझ्याकडे उन्हाळा आहे. या सामन्याचा नियम माझ्या बापाने आणि रूडीच्या बापाने मिळून लिहिला होता. आपल्या परसात वितळवायचं, आपल्या साच्यात ओतायचं, आपल्या हाताने झाडायचं, हाच तो सामना. दुकानातून खोकं आणून काय कुणीही पिंप भोसकेल. ऑगस्टमध्ये माझा निशाणाचा कागद बघितला की मत घ्यायची गरज पडणार नाही.

१४ एप्रिल

मोसमातली पहिली ओतणी. बर्फ गेलंय, पण वारा चावरा आहे. मॅक्सिनच्या नियमांप्रमाणे भट्टी शेडच्या उघड्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून, आणि कॉफीचा कप भट्टीपासून लांब कुंपणावर. घरात येण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचे आणि कपडे दारातच उतरवायचे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी ती माझ्या विजारीकडे उंदीर बघितल्यासारखी बघते.

शिसं छान वितळलं. मळी काढली, मेणाचा तुकडा टाकून ढवळलं. साचा तापायला पहिल्या काही गोळ्या वाया जातातच, मग चांदीसारख्या पडायला लागल्या. साचा उघडल्यावर गोळी फडक्यावर पडते तो मऊ आवाज मला कोणत्याही गाण्यापेक्षा आवडतो.

संध्याकाळी मॅक्सिन माझ्या गोळ्यांचा ढीग चिवडत बसली होती. मी म्हणालो, "काय शोधतेस?"

"काही नाही. सुरकुतलेल्या बाजूला काढतेय."

"मी काढल्यात."

"काढल्यास ना. मी आपली परत बघतेय."

तिने ओंजळभर तरी बाजूला काढल्या. बायकांना प्रत्येक गोष्टीत सुरकुत्या दिसतात.

२१ एप्रिल

चांदमारीवर गेलो. पन्नास यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर हात टेकून. कागदावर भोकं अशी पसरली होती की कुणी बी पेरलंय असं वाटावं. नरम शिसं आहे, दुसरं काही नाही. कथील वाढवतो.

कागदही बदललेत. पूर्वी मधला काळा गोल ठसठशीत असायचा. हल्ली शाई वाचवतात, मधोमध नुसता धूर.

३ मे

आज पूर्ण भट्टी वाया गेली. टायरवाल्याकडून आणलेल्या बादलीत जस्ताची वजनं होती. एरवी काही बिघडत नाही. आच बेताची ठेवली की शिसं वितळतं आणि जस्त वर तरंगतं, ते झाऱ्याने काढून टाकायचं. हे मला झोपेतही येतं. पण आज बघतो तर भट्टीत ओटमीलची लापशी, आणि साच्यातून पडल्या त्या कुरतडलेल्या दातांसारख्या गोळ्या. आच जास्त झाली होती आणि जस्त सगळं शिशात उतरलं होतं.

तापमापक बिघडलाय. मॅक्सिन येऊन वाकली आणि म्हणाली, "ऑरिन, हा काटा लाल पट्ट्यात आहे."

"कुठे लाल?"

"हा काय."

"तो आता गेला असेल वर. मघाशी नव्हता."

तिने आच बंद केली, माझ्या हातून झारा घेतला आणि खुंटीला अडकवला. एकदा जस्त शिरलेलं शिसं गोळ्यांच्या कामाचं राहत नाही. त्याच्या लगडी करून रूडीला मासेमारीच्या गळाला वजन म्हणून पाठवल्या. चिठ्ठीत लिहिलं, "तुझ्या ठरावाला बांध आणि बुडव."

१२ मे

शिसं किती कठीण आहे ते तपासायला चित्रकाराच्या पेन्सिली वापरतात. कोणती पेन्सिल शिशावर ओरखडा काढते आणि कोणती घसरते ते बघायचं. माझ्या बापाची पद्धत, अजून चुकलेली नाही. पण आजकाल पेन्सिलींवर नंबर इतके बारीक छापतात की ते मुंग्यांसाठी आहेत की काय कळत नाही. मॅक्सिनला वाचून दाखवायला लावले. तिने एकेक पेन्सिल हातात देत नाव सांगितलं. शिसं पाहिजे तेवढंच कठीण निघालं. म्हणजे दोष शिशात नाही. मग दारूत असेल, नाहीतर गोळीला लावतो त्या मेणात.

१९ मे

उत्तरेच्या कुंपणाचे खांब हिवाळ्याने वाकवलेत. ओळीत मधोमध एक पोक आलाय. पहार घेऊन गेलो आणि तीन खांब सरळ केले. मॅक्सिन दोरी घेऊन आली, एक टोक मला दिलं, दुसरं धरून ती लांब गेली आणि तिथूनच ओरडली, "आता वाकलेत!"

मी म्हणालो, "तू दोरी तिरकी धरलीस."

ती परत आली. दोरी गुंडाळली. म्हणाली, "शहरात, बिलिंग्जला, डोळ्यांची एक चांगली डॉक्टर आहे असं शेजारची जोआन म्हणत होती."

"जोआनला जाऊ दे मग."

खांब तिने दुपारी एकटीने परत पूर्वीसारखे केले. मी खिडकीतून बघत होतो. हट्टी बाई आहे.

३० मे

चांदमारीवर जाताना हल्ली मॅक्सिन गाडी चालवते. मी चालवू देतो, तिला सराव राहावा म्हणून. तीस वर्षं शाळेची बस चालवलीय तिने बर्फातून, पण सवय मोडायला वेळ लागत नाही.

रूडी भेटला. नवी गोळी, नवं मेण, तरी माझी भोकं कागदाच्या कडेला. रूडी बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला. मग त्याने फक्त "वारा आहे" एवढंच म्हटलं. वारा नव्हता. त्याला माझी कीव आली असेल तर त्याने ती आपल्या खिशात ठेवावी.

१५ जून

रिव्हॉल्वरच्या नळीत शिसं धरलंय याची मला खात्री पटली. नळी उजेडाकडे धरून आत बघितलं की मधोमध राखाडी डाग. पितळी ब्रशने घासली, तेल सोडलं, परत घासली. दिवसभर. डाग जात नाही. घासून घासून मनगट दुखायला लागलं.

मॅक्सिनने नळी घेतली, खिडकीशी गेली. "आरशासारखी लखलखतेय."

"डाग दिसत नाही तुला?"

"कुठे?"

"मधे. जिथे बघशील तिथे."

मॅक्सिनने नळी हळूच टेबलावर ठेवली आणि केक तयार आहे का ते बघायला ओव्हन उघडलं. मग आम्ही रूबार्बच्या आंबट देठांचा केक खाल्ला आणि हवेबद्दल बोललो.

डाग नळीतच आहे. दुसरा ब्रश मागवलाय.

६ जुलै

आज रूडी घरी आला. पोर्चवर बसला, बियर घेतली, टोपी गुडघ्यावर अडकवली आणि म्हणाला, "मी एक विचार करत होतो. नियम राहू दे गोळ्यांचा. त्याऐवजी पन्नास यार्डांचे पंचवीस करूया."

"का?"

"आपण सगळेच म्हातारे झालो रे."

"तू झालास."

"बरं, मी झालो. पंचवीसवर तुझं..."

"माझं काय?"

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. मी त्याला सांगितलं की माझ्या बापाने पन्नास लिहिलेत आणि त्याच्या बापाने त्याखाली सही केलीय. पंचवीस यार्डांवरून मारायचं तर दगड मारूया, शिसं कशाला वितळवायचं? माझ्या गोळ्या वाईट ठरवायच्या, मग मला पोरांच्या अंतरावर उभं करायचं, हा कुठला न्याय? मी बराच बोललो. रूडीने बियर अर्धीच ठेवली. पायऱ्या उतरताना मॅक्सिनला म्हणाला, "मी प्रयत्न केला." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या पोर्चवर, माझ्या देखत, माझ्याविरुद्ध कट.

१८ जुलै

तिसरं मेण. दुसरा साचा. दारू कमी करून बघितली, वाढवून बघितली. गोळ्यांची वही बघवत नाही. मी खोटं लिहिलेलं नाही, सगळ्या ओळींत "फाकल्या" लिहिलंय, आणि अक्षर जाड आलंय कारण हल्लीची पेनं पुळचट आहेत म्हणून मार्कर घेतलाय.

आज मनात आलं की कदाचित हातच गेला असेल माझा. म्हातारा हात. ते मान्य करायला फार जड गेलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मग हात समोर धरला. अजिबात थरथरला नाही. अर्धा तास धरून ठेवला असता.

२ ऑगस्ट

आज झालं ते लिहितो आणि मग झोपतो.

चांदमारीवर आम्ही दोघंच होतो. मी सहा झाडल्या. मॅक्सिन दुर्बिणीला होती. मी विचारलं तर म्हणाली, "एक कागदावर."

मी रिव्हॉल्वर ठेवलं आणि गोळ्यांचा डबा जमिनीवर आपटला. शिव्या दिल्या, शिशाला, टायरवाल्याला, मेणाच्या कंपनीला. मॅक्सिन खाली बसून पितळी पुंगळ्या आणि सांडलेली काडतुसं वेचत होती. म्हणाली, "गोळ्या चांगल्या आहेत, ऑरिन."

"तुला काय कळतंय?"

"मी प्रत्येक ओतणी निवडलीय. उन्हाळाभर. एकाही गोळीत खोट राहू दिली नाही."

"मग तूच मार."

तिने मारावं असं मला वाटलं नव्हतं. लग्नाआधी ती नेमबाजीत भावांना रडवायची, पण मुलं झाल्यावर तिने रिव्हॉल्वर हातात घेतलं नव्हतं. तिने केस मागे बांधले. कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकलं आणि सावकाश सहा झाडल्या, बटाटे सोलावेत तशा. मग म्हणाली, "चल बघायला."

आम्ही पन्नास यार्ड चालत गेलो. मी कागदाला तोंड लावून बघितलं तर नुसता धूर. तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. भोकं बोटाला लागली. एकमेकांत मिसळलेली, कडा फाटलेल्या. सगळी एका जागी. माझा अंगठा ठेवला तर झाकली जात होती.

"फुकटचं नशीब," मी म्हणालो. "परत मार."

तिने परत मारल्या. परत बोट टेकवलं.

म्हणजे गोळ्या चांगल्या आहेत.

७ ऑगस्ट

बिलिंग्जला जाऊन आलो. डॉक्टरीण तरुण होती, चांगली बोलली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जात राहील. गोळ्यांनी थोडं लांबेल म्हणाली, आणि तिला म्हणायचं होतं औषधाच्या गोळ्यांनी. गाडी बंद. नेमबाजीचं मी विचारलं नाही, तर तिने आपणहून विचारलं की काही छंद आहेत का.

येताना मॅक्सिन चालवत होती. मी म्हणालो, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षीच्या सामन्यापासून. रूडीलाही."

मी खिडकीकडे तोंड केलं. कडेकडेने गहू दिसत होता, सोनेरी, आणि जिकडे बघावं तिकडे त्यातला मधला घास कुणी खाऊन टाकलेला. मला भीती वाटली. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. तिचा चेहरा बघायला मला मान वळवून दुसरीकडे बघावं लागतं, हे मला आज कळलं, आणि हे मी कित्येक महिने करतोय हेही.

मग राग आला, आणि तो बरा वाटला. मी म्हणालो, "कुणाला सांगायचं नाही. सामना मी खेळणार."

"खेळ," ती म्हणाली. "मीही नाव देतेय."

"तू?"

"नियमात लिहिलंय, गोळी नेमबाजाच्या घरच्या भट्टीतली हवी. माझं घर कुठलं आहे मग?"

११ ऑगस्ट

ओतणी. तापमापकाचा काटा मॅक्सिनने वाचला, बाकी सगळं मी केलं. शिसं पळीतून साच्यात कसं जातं ते हाताला कळतं, आणि साचा भरला की तोटीवर बसणारा ठिपका कधी घट्ट होतो ते मनातल्या मनात मोजून कळतं. सुरकुत्या मी आता नखाने शोधतो. तिला माझ्या ढिगात बाजूला काढण्यासारखी एकही सापडली नाही. दोनदा बघितलं तिने. मी दोन्ही वेळा वर न बघता काम करत राहिलो.

२३ ऑगस्ट

सामन्याचा दिवस. सविस्तर लिहितो.

सगळा क्लब आला होता. हरणाच्या मांसाच्या तिखट चिली-रश्श्याचा टोप, मक्याची कणसं, बायकांनी भाजून आणलेले केक. माझी पाळी आली तेव्हा रूडी जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझं नाव यादीत खाली ढकलू का? कुणाला कळणार नाही." मी म्हणालो, "सरक."

मी उभा राहिलो. लक्ष्याच्या डावीकडे नजर लावली म्हणजे कागद कडेला दिसतो, असं आठवडाभर शिकलो होतो. कागद दिसला. रिव्हॉल्वरची पुढची, नेम धरायची खूण दिसली नाही. एकाच वेळी दोन्ही दिसत नाहीत. मी सहाच्या सहा झाडल्या, कारण मधेच शेपूट घालून खाली बसणं मला जमलं नसतं.

कागद आणला गेला. दोन भोकं, दोन्ही पांढऱ्या कडेला. बाकीच्या मातीत.

कुणी काही बोललं नसतं तर मीही बोललो नसतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण ट्रेंट नावाचा तो नवा सभासद आहे, विमा विकणारा, त्याने आपल्या शेजाऱ्याला म्हटलं आणि सगळ्यांना ऐकू आलं: "बघ, म्हणूनच म्हणतोय. घरच्या गोळ्यांचं हे असंच होतं. नियम गेलाच पाहिजे."

मला शिशाची दया आली, खरंच. एवढं चांगलं शिसं. मी वळलो. समोर माणसं होती, कडेला त्यांचे हात, टोप्या, पाय दिसत होते, चेहरे कुणाचेच नाहीत. मी म्हणालो, "गोळ्यांत खोट नाही. मला दिसत नाही. डोळे गेलेत माझे. गेल्या वर्षीही गेले होते, आणि मी तेव्हा सांगितलं असतं तर हा ठराव आला नसता. आता हसायचं असेल तर हसून घ्या. आणि मग ही कशी मारते ते बघा."

कुणी हसलं नाही. मी तोच डबा, तेच रिव्हॉल्वर मॅक्सिनच्या हातात दिलं. ती उभी राहिली. या वेळी वाळूची पिशवी नव्हती, नियमाप्रमाणे हात कशावरही न टेकता. तिने घाई केली नाही. मी तिच्या मागे उभा राहून एकेक आवाज ऐकत होतो. तिला न जमलं तर मी सगळ्यांसमोर उगाचच उघडा पडलो असतो.

रूडीने कागद आणला. माझ्याकडे आला, ट्रेंटकडे नाही. माझा हात धरला आणि बोट कागदावर टेकवलं, तिने केलं होतं तसंच. त्याला हे कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. पाच भोकं एका जागी, सहावं जरा उजवीकडे.

"सहावी ओढली गेली," मॅक्सिन म्हणाली. "माझी चूक. गोळीची नाही."

तिच्यापेक्षा चांगला कागद कुणाचा आला नाही. रूडीचा तर नाहीच.

जेवण झालं. अध्यक्षांनी ठराव वाचला. मग उलटं विचारलं, नियम आहे तसा ठेवावा असं कुणाला वाटतं, हात वर करा. बाक सरकल्याचे आवाज झाले. मी समोर बघितलं तर नुसता धूर, आणि धुराच्या कडेला काही बाह्या. माझ्या बापाने लिहिलेल्या नियमावर मत पडत होतं आणि मला एकही हात मोजता येत नव्हता.

मी मॅक्सिनकडे वाकून विचारलं, "किती?"

"सगळे."

"रूडी?"

"त्याचा सगळ्यांत आधी."

"खोटं सांगू नकोस."

"सगळ्यांचे आहेत, ऑरिन. फक्त तुझा नाही. कर वर, लोक थांबलेत."